वनस्पतिज्ञ वैद्य विल्यम विदरिंग

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्सच्या सीमेला लागून श्रॉपशायर नावाचा परगणा आहे. त्यातील वेलिंग्टन ह्या लहानशा गावी १७ मार्च १७४१ रोजी विल्यम विदरिंग ह्याचा जन्म झाला. त्याचा बाप औषधे देणारा व शस्त्रवैद्यकी करणारा गृहस्थ होता आणि त्याचा मामाही वैद्यच होता. अशा घरातील मुलाने वैद्य व्हावे हे ओघानेच आले. वयाच्या एकविसाव्या वर्षी, म्हणजे १७६२ साली, तो वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी एडिंबरो येथील विद्यापीठात दाखल झाला आणि चार वर्षांनी तेथील पदवी मिळवून बाहेर पडला.

त्या काळी औषधे बहुतेक झाडपाल्याचीच असत, म्हणून वैद्यकाच्या विद्यार्थ्यास वनस्पतिशास्त्र शिकणे भाग असे. एडिंबरोचे अध्यापक जॉन होप हे ह्या विषयाचे मोठे अभिमानी होते. विद्यार्थ्यांस गोडी लागावी म्हणून त्यांनी उत्तम विद्यार्थ्यासाठी सुवर्णपदकही ठेविले होते. परंतु पुढे ज्याचे नाव इंग्लंडातील वनस्पतिज्ञांत अग्रभागी झळकावयाचे होते, त्या आमच्या चरित्रनायकास हा विषय मुळीच रुचला नाही. सोन्याच्या पदकाचा मोहसुद्धा आपणास ह्या कंटाळवाण्या अभ्यासाकडे ओढू शकणार नाही, अशा आशयाचा मजकूर त्याने आपल्या आईबापांस पत्राने कळविला. त्यापेक्षा बासरी वाजविण्यात व स्कॉटलंडातील मशकवाद्य शिकण्यात त्याचे मन अधिक रमे. एखाद्या विषयात आज मागे असलेल्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मात्र मुलांनी तिचा आधार घेऊन अभ्यास टाळू नये!

शिक्षण संपल्यावर विदरिंगने स्टॅफर्ड गावी वैद्यकीचा व्यवसाय मांडला. तेथील रोग्यांमध्ये हेलेना कुक्स नावाची एक तरुणी होती. तीस फुलांची चित्रे काढण्याचा नाद होता. आजारपणामुळे घराबाहेर पडता येत नसे, तेव्हा तिच्यासाठी रानातून निरनिराळी फुले गोळा करून आणण्याचे काम तिच्या वैद्यबुवांनीच पत्करले. चित्रासाठी फूल आणावयाचे म्हणजे ते कोणते, ह्याचा पत्ता लावणे आले. पत्ता लावावयाचा म्हणजे पाकळ्या, केसर, पाने, देठ ही बारकाईने पाहणे आले. अध्यापकांच्या सुवर्णपदकास जे साधले नव्हते ते ह्या फुलांच्या फेऱ्यांनी साधले. १७७२ साली त्या दोघांचा विवाह झाला आणि विदरिंगचा वनस्पतींचा नाद मात्र जन्मभर टिकला.

ह्या सुमारास इंग्लंडातील सामान्य माणसास रानातील झाडे ओळखणे किती अवघड होते, ह्याची कल्पना आज येणे कठीण आहे. स्वीडन देशातील महापंडित लिनीयस ह्याने वनस्पतींचे वर्गीकरण करण्याची सुटसुटीत पद्धती शोधून काढली होती. परंतु त्याचे ग्रंथ लॅटिन भाषेत. ज्यांस लॅटिन येत नसे त्यांस गावठी नावांवर विसंबावे लागे, आणि गावठी नावांचा तर बाजारच होता. एकाच झाडास चार गावांत चार नावे, आणि एकाच नावाखाली तीन वेगवेगळी झाडे! नावाची गल्लत झाली म्हणजे औषधाची गल्लत होणार, आणि कधी कधी प्राणावर बेतणार, हे उघडच आहे.

विदरिंगने ही अडचण दूर करण्याचे मनावर घेतले. १७७६ साली त्याने ग्रेट ब्रिटनमध्ये आपोआप उगवणाऱ्या सर्व वनस्पतींचे वर्णन करणारा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो इंग्रजीत होता, लिनीयसच्या पद्धतीस अनुसरून होता, आणि लॅटिन न जाणणाऱ्या स्त्रीपुरुषांनी तो हाती घेऊन रानात जावे अशा हेतूने लिहिलेला होता. प्रत्येक वनस्पतीच्या वर्णनाबरोबर तिचा औषधात, अन्नात किंवा रंगविण्याच्या कामी काय उपयोग होतो, आणि ती मनुष्यास वा गुराढोरांस घातक आहे की काय, हेही त्याने नमूद केले. पुढे ह्या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. तिसरी, १७९६ सालची, चार खंडांची झाली.

लिनीयसची पद्धती थोडक्यात अशी की, फुलातील पुंकेसर मोजावे, त्यांची लांबी व मांडणी पाहावी, मग स्त्रीकेसराकडे वळावे, आणि त्यावरून झाडाचा वर्ग ठरवावा. आपल्या शेतातील तिळाचे फूल उकलून पाहा. आत चार ठळक पुंकेसर आढळतील. दोन लांब व दोन आखूड. तुळशीच्या मंजिरीतील इवल्याशा फुलातही तोच प्रकार दिसेल. मोहरीच्या फुलात सहा आहेत. त्यांपैकी चार लांब व दोन आखूड. धोत्र्याच्या तुतारीत पाच. रंग, वास, उंची ही जमीन व हवा ह्यांप्रमाणे बदलतात. केसरांची संख्या सहसा बदलत नाही. म्हणूनच ती खूण भरवशाची.

तथापि एवढ्याने सगळे काम भागत नाही, आणि हे विदरिंग जाणून होता. कोथिंबीर, गाजर, बडीशेप, ओवा ह्या सर्वांची फुले छत्रीसारख्या झुपक्यांत येतात. त्या सर्वांत पुंकेसर पाच आणि स्त्रीकेसराची टोके दोन. परंतु सॉक्रेटीसास जे विष पाजण्यात आले ते हेमलॉकचे झाडही ह्याच कुळातले. तेच पाच, तेच दोन. पानेही कोथिंबिरीसारखीच कातरलेली. तेथे मग आणखी खाली, देठाकडे पाहावे लागते. हेमलॉकचा देठ गुळगुळीत असून त्यावर जांभळट ठिपके असतात आणि पान चुरगळले असता उंदराच्या मुतासारखी घाण येते. एक खूण पटली म्हणून झाड ओळखले असे समजू नये. चार खुणा जुळल्या पाहिजेत, आणि एकही विरोधी पडता कामा नये. वनस्पतिज्ञाची सगळी चिकाटी ह्यातच असते.

आता ज्या वनस्पतीमुळे विदरिंगचे नाव वैद्यकाच्या इतिहासात अजरामर झाले तिच्याकडे वळू. तिचे नाव फॉक्सग्लव्ह. इंग्लंडात ती रानाच्या कडेला, बांधांवर, पडीक जमिनीत तणासारखी उगवते आणि शोभेसाठी बागेतही लावतात. पहिल्या वर्षी जमिनीलगत मोठमोठ्या लवदार पानांचा केवळ एक झुबका येतो. दुसऱ्या वर्षी त्यातून पुरुषभर उंचीचा दांडा निघून त्याच्या एका अंगास जांभळ्या-गुलाबी फुलांची रांग लटकते. प्रत्येक फूल अंगुस्तानासारखे, आतून ठिपकेदार. आणि जर्मन भाषेत तिला अंगुस्तान अशाच अर्थाचे नाव असल्यामुळे फुक्स नावाच्या पंडिताने १५४२ साली बोट ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तिचे डिजिटॅलिस असे नाव ठेविले. तिचे फूल आपल्या तिळाच्या फुलाशी इतके मिळते की, आपल्याकडील ग्रंथकारांनी तिला तिलपुष्पी म्हटले आहे.

फूल आल्यावर ती कोणासही ओळखू येईल. फसगत होते ती पहिल्या वर्षी, नुसती पाने असताना. कॉम्फ्री नावाची एक निराळी वनस्पती आहे. तिच्या पानांचा काढा करून पिण्याची तिकडील खेड्यांत जुनी चाल होती. तिचीही पाने मोठी, लवदार व जमिनीतून झुबक्याने येणारी. कॉम्फ्री समजून फॉक्सग्लव्हची पाने उकळून प्यालेली माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत. भेद एवढाच की, फॉक्सग्लव्हच्या पानाची कड बारीक दातेरी असते व कॉम्फ्रीची सरळ असते; आणि फॉक्सग्लव्हच्या पानाची मागची बाजू मऊ, पांढरट लवेची असून तीवर शिरांचे जाळे उठून दिसते. पानाच्या एका कडेवर माणसाचा जीव अवलंबून राहावा, हे ऐकून नवल वाटते खरे.

१७७५ साली, म्हणजे वरील ग्रंथ छापून निघण्याच्या आदल्या वर्षी, विदरिंगचा एका घरगुती औषधाविषयी अभिप्राय विचारण्यात आला. श्रॉपशायरमधील एका म्हातारीने ते औषध पुष्कळ दिवस गुप्त ठेविले होते. अंगात पाणी साठून पाय व पोट सुजणे हा जो शोथरोग, त्यावर ती ते देई. आणि मोठमोठ्या वैद्यांनी हात टेकलेले रोगीही तिच्या हातून कधी कधी बरे होत. औषध पोटात गेले की जबर वांत्या व रेच होत. त्या औषधात वीस किंवा त्याहून अधिक झाडपाले मिसळलेले होते. (ह्या म्हातारीस पुढे मदर हटन असे नाव चिकटले आहे, परंतु ते १९२८ साली एका औषधी कंपनीने काढविलेल्या जाहिरातीच्या चित्रातून आलेले आहे. विदरिंगने तिचे नाव कोठेही दिलेले नाही.)

वीस पाल्यांच्या त्या मिश्रणातून खरे काम करणारा पाला कोणता? येथे विदरिंगचे वनस्पतिज्ञान कामास आले. प्रत्येक झाडाचे रूप व गुण त्यास ठाऊक असल्यामुळे, हे काम फॉक्सग्लव्हवाचून दुसऱ्या कोणाचेही नव्हे, असा निर्णय करण्यास त्यास फारसे सायास पडले नाहीत. बाकीचे पाले केवळ सोबतीला होते.

त्याच साली तो बर्मिंगहॅम शहरात राहावयास गेला. तेथे तो रोज काही वेळ गोरगरिबांस फुकट तपाशी, आणि अशा रोग्यांची संख्या वर्षाकाठी दोन-तीन हजारांच्या घरात जाई. ह्या रोग्यांवर त्याने फॉक्सग्लव्हचा प्रयोग आरंभिला. प्रारंभी त्याने मात्रा फार मोठ्या दिल्या व त्या लवकर लवकर दिल्या. वांत्या झाल्याशिवाय औषध लागू पडत नाही, असा त्या वेळचा समज होता. हळूहळू त्याच्या ध्यानात आले की, वांती हा औषधाचा गुण नसून ते अति झाल्याची निशाणी आहे, आणि वांती होण्यापूर्वीच थांबले तरी रोग्याच्या अंगातील पाणी लघवीवाटे निघून जाते.

दुसरी अडचण ह्याहून बिकट होती. एका झाडाची पाने घेऊन दिलेली मात्रा गुण देई, तर तितकीच दुसऱ्या झाडाची पाने रोग्यास मरणाच्या दारी नेत.  मुळाची तीव्रता पालटते. मग त्याने पाने निवडली, आणि तीही केव्हा तोडावयाची हे बांधून टाकले. दुसऱ्या वर्षी दांडा वर येऊन फुले उमलू लागण्याचा जो काळ, त्याच वेळी पाने घ्यावी, देठ व मधली शीर टाकून द्यावी, पान उन्हात किंवा विस्तवाजवळ वाळवून त्याची पूड करावी. ह्या पुडीची मोठ्या माणसाची मात्रा त्याने एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा, अशी ठरविली. सोनाराच्या तराजूने बोलावयाचे तर ही मात्रा सुमारे अर्ध्या गुंजेपासून दीड-पावणेदोन गुंजांपर्यंत भरेल. एवढ्याशा पुडीत गुण आणि घात ह्यांची सीमा होती.

ही सीमा न कळल्याने काय होते, ह्याची एक हकीकत त्याने स्वतःच नमूद करून ठेविली आहे. यॉर्कशायरमधील एका फिरत्या व्यापाऱ्यास पाहण्यासाठी त्यास बोलावणे आले. रोग्यास एकसारख्या वांत्या होत होत्या, डोळ्यांस नीट दिसत नव्हते, आणि नाडीचे ठोके मिनिटास अवघे चाळीस पडत होते. चौकशी करता कळले की, त्याच्या बायकोने दमा बरा व्हावा म्हणून फॉक्सग्लव्हची मूठभर हिरवी पाने थोड्याशा पाण्यात शिजवून तो काढा त्यास एका दमात पाजला होता. त्या साध्वीने झाड बरोबर ओळखले होते. प्रमाण मात्र तीस ठाऊक नव्हते. नवरा थोडक्यात वाचला.

दहा वर्षांच्या अनुभवानंतर १७८५ साली विदरिंगने फॉक्सग्लव्हवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ छापविला. घाई न करता दहा वर्षे थांबलेला हा मनुष्य तो छापावयास तयार झाला, ह्याचे कारण असे की, औषधाची कीर्ती पसरून अडाणी व शिकलेले असे दोन्ही प्रकारचे लोक ते अंदाजाने देऊ लागले होते. रोगी मरू लागले की दोष औषधास लागणार आणि एक मौल्यवान वस्तू वैद्यकातून कायमची हद्दपार होणार, ही त्यास धास्ती होती. ह्या ग्रंथात त्याने आपल्या १६३ रोग्यांच्या हकीकती दिल्या. बऱ्या झालेल्यांच्या, न झालेल्यांच्या आणि मेलेल्यांच्याही. निवडक यशस्वी उदाहरणे देऊन स्वतःचा बडेजाव माजविणे त्यास सहज शक्य होते. तसे त्याने केले नाही, आणि आमच्या मते त्याच्या सगळ्या कर्तृत्वात हीच गोष्ट अधिक मोठी आहे. विषबाधेची लक्षणेही त्याने स्पष्ट लिहिली: मळमळ, वांती, रेच, डोळ्यांपुढे वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणे, नाडी मंद होणे, थंड घाम, आचके आणि मृत्यू. ह्या औषधाची हृदयाच्या गतीवर विलक्षण सत्ता चालते, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. शोथाचे मूळ पुष्कळदा हृदयाच्या दुबळेपणात असते, हे पुढील काळातील वैद्यांनी सिद्ध केले. १९३० साली फॉक्सग्लव्हच्याच एका भावंड जातीच्या पानांतून डिगॉक्सिन नावाचे शुद्ध द्रव्य निराळे काढण्यात आले, आणि ते हृदयाच्या काही विकारांवर आजही मोजून मापून दिले जाते.

फॉक्सग्लव्ह आपल्या महाराष्ट्रात रानोमाळ आढळत नाही. परंतु तिच्यासारखेच हृदयावर चाल करून जाणारे विष आपल्या अंगणात आहे. पिवळी कण्हेर, जिला कित्येक ठिकाणी बिट्टी म्हणतात, तिच्या फळातील बी मुले खेळावयास घेतात. ती बी पोटात गेल्यास नाडी तशीच मंद होते व प्राणही जातो. तांबड्या-पांढऱ्या कण्हेरीची पाने, मुळे, फुले हीदेखील तशीच विषारी होत. धोत्र्याचे बी मिरचीच्या बियांत मिसळले तर सहसा ओळखू येत नाही; भिंगातून पाहिले असता मिरचीचे बी गुळगुळीत व पिवळसर, तर धोत्र्याचे करडे-तपकिरी व खडबडीत दिसते. आणि पिवळा धोत्रा, म्हणजेच बिलायत, ह्याची गोष्ट तर ह्या चरित्राशी चमत्कारिक रीतीने जुळते. नाव धोत्र्याचे असले तरी हे काटेरी पानांचे व पिवळ्या चिकाचे तण अमेरिकेतून आलेले असून खऱ्या धोत्र्याचे ते कोणीही लागत नाही. त्याचे काळे बी मोहरीसारखे दिसते. मोहरीचे बी दिसण्यात गुळगुळीत. ह्याच्या अंगावर मात्र जाळी असते. मोहरीत हे बी मिसळून निघालेले तेल खाण्यात आले की पाय सुजतात, अंगात पाणी भरते, धाप लागते आणि हृदय थकते. १९९८ साली दिल्लीत ह्याच भेसळीने हजारो लोक आजारी पडले व साठांहून अधिक दगावले. विदरिंगने ज्या शोथरोगावर एका तणात औषध शोधले, तसलाच शोथ दुसरे एक तण उत्पन्न करते. घरात कोणी अनोळखी फळ वा पाला खाल्ल्याचा संशय आल्यास रोग्याबरोबर त्या झाडाची पानाफुलांसह एक डहाळीही डॉक्टरांकडे न्यावी. झाड ओळखले गेले तर उपचाराचा मार्ग लवकर सापडतो.

विदरिंगचे उत्तरायुष्य सर्वस्वी सुखाचे गेले नाही. त्यास बर्मिंगहॅमला बोलावून आणणारा मित्र म्हणजे चार्ल्स डार्विनचा आजा इरॅस्मस डार्विन. त्याने १७८० साली आपल्या दिवंगत पुत्राच्या निबंधास पुरवणी जोडून तीत फॉक्सग्लव्हने बरे झालेल्या रोग्यांची माहिती छापली, आणि विदरिंगचे नावसुद्धा घेतले नाही. पुढे दोघांत वितुष्ट आले व ते मिटले नाही. ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीस साह्य करणाऱ्या स्टोक्स नावाच्या विद्वानाशीही त्याचा तंटा झाला. विदरिंग स्वभावाने काहीसा अबोल व ताठर होता, हे येथे कबूल केले पाहिजे. १७९१ साली बर्मिंगहॅममध्ये मोठा दंगा उसळून जोसेफ प्रीस्टली ह्या रसायनवेत्त्याचे घर जाळण्यात आले, तेव्हा विदरिंगच्या घरावरही जमाव चालून आला होता. परंतु ते कसेबसे बचावले.

खनिजांच्या अभ्यासातही त्याने नाव कमाविले. बेरियमच्या एका खनिजास त्याच्या सन्मानार्थ विदराइट म्हणतात. परंतु छातीच्या विकाराने त्यास पुरते ग्रासले होते. इंग्लंडातील हिवाळा सोसवेना म्हणून १७९२ पासून लागोपाठ दोन हिवाळे तो पोर्तुगालात लिस्बन येथे जाऊन राहिला. तेथेही तो स्वस्थ बसला नाही, काल्दास दा राइन्या येथील औषधी झऱ्याच्या पाण्याचे त्याने पृथक्करण केले. प्रकृतीस मात्र म्हणावा तसा उतार पडला नाही. १७९९ च्या सप्टेंबरअखेर त्याने नव्या घरी बिऱ्हाड हलविले आणि थोड्याच दिवसांनी, ६ ऑक्टोबर रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

एजबॅस्टन येथील जुन्या देवालयात त्याचे दफन झाले. तेथील स्मारकावर दोन वनस्पती कोरलेल्या आहेत. एक फॉक्सग्लव्ह. दुसरी, त्याच्याच नावावरून एका फ्रेंच वनस्पतिज्ञाने जिला विदरिंगिया म्हटले ती. आणि ती वांगे व धोत्रा ह्यांच्या कुळातली आहे.